"देवानेच गळा दिलाय" म्हणे!

आज एका घरगुती कार्यक्रमात आत्या भैरवी गायली. वय ७६. संपल्यावर एक बाई तिचा हात धरून म्हणाल्या, "तुम्हाला काय हो, देवानेच गळा दिलाय!" आत्या नुसती हसली. मी दुपारपासून धुमसतेय.

कसला देवाने दिलाय? मिरजेच्या वाड्यात मी तिच्या शेजारी झोपायचे. पहाटे पाचला तंबोरा लावून तासभर नुसता खर्ज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज. आवाज जाडाभरडा, वर गेला की चिरकायचा. आजी वैतागून म्हणायची, "बास गं बाई, शेजारचे उठले." तीन-चार हिवाळे असेच गेले. मग एका पहाटे मला जाग आली ती काहीतरी वेगळं ऐकू येतंय म्हणून. तोच सा, पण मोकळा.

गायिका गंगूबाई हनगलांचा आवाज टॉन्सिलच्या दुखण्यानंतर पार बदलला, भारदस्त, पुरुषी झाला. त्या आवाजासकट त्या गात राहिल्या. शिकायला त्या हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जायच्या, त्यांचे गुरू सवाई गंधर्व यांच्याकडे. आणि खुद्द सवाई गंधर्व? आवाज फुटल्यावर त्यांचा गळा वळेना. आपले गुरू अब्दुल करीम खाँसाहेबांपुढे बसून, मेहनतीने वळवला त्यांनी. याला देणगी म्हणायचं?

हो, कुमार गंधर्व लहानपणीच मैफली गाजवत होते, ते रियाजाने नाही आलं. कुणाकुणाचा कान उपजत असतो, तेवढं कबूल. पण कुमारजीही त्यांचे गुरू देवधर मास्तरांकडे शिकायला बसलेच ना?

'देणगी' म्हटलं की आत्याच्या त्या सगळ्या पहाटा पुसल्या जातात. थंडीत शाल गुंडाळून बसलेली ती मला अजून दिसते. आजी गेली तेव्हा तिच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीही पहाटे पाचला तंबोरा वाजला होता.

आणि खरा संताप पुढचा आहे. त्या बाईंची नात शेजारीच उभी होती, आठ-नऊ वर्षांची. तिच्यादेखत म्हणाल्या, "हिला मात्र गळा नाही." पोरीने मान खाली घातली. अशी किती पोरं आपण गप्प केली असतील!

आत्याने पेटी पुढे ओढली. "सा म्हण गं." पोरीचा आवाज थरथरला, खाली घसरला. आत्या एकेक पट्टी, म्हणजे सा चा सूर, बदलत गेली आणि पेटीच्या काळी पाच या सुरावर थांबली. "ही तुझी पट्टी. पुन्हा म्हण." चौथ्यांदा तो सा दोनतीन क्षण टिकला. पोरीने वर बघितलं.

रविवारी पहाटे बोलावलंय तिला. मीही जाणार आहे, दोघींना चहा करून द्यायला.