'जुन्या गाडीत निम्मा वेळ वाया' या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमची निराशा झाली त्याबद्दल मनापासून क्षमस्व. आम्ही ट्रॅकवर जुनी आणि नवी अशा दोन पोर्श ९११ स्पोर्ट्स कार चालवायला देतो, तुम्ही दोन्ही चालवल्यात. पण "जुन्या ९११ मध्ये निम्मा वेळ हळू चालवायला लावलं आणि पैसे पूर्ण घेतले" असं तुम्ही लिहिलंय, त्यावर गप्प बसता येत नाही. लोक हे वाचूनच बुकिंग करायचं की नाही ते ठरवतात.

त्या हळू फेऱ्या तुमच्या वेळेत धरल्याच नव्हत्या. तेलाच्या तापमानाचा काटा वर आल्यावरच आमचं घड्याळ सुरू होतं. ट्रॅकवर जाण्याआधी हे सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही फोनवर बोलत होता. गाडी १९६७ ची आहे. इंजिन थंड ठेवायचं ते हवेने आणि तेलाने. तेल जवळपास ९ लीटर, तेही वेगळ्या टाकीत, त्यामुळे ते तापायला वेळ लागतोच. थंड तेलावर आरपीएम (इंजिनाचे फेरे) चढवले तर बेअरिंग जातात, आणि हे इंजिन उघडायचं म्हणजे गाडी कित्येक महिने उभी. नव्या गाडीत, म्हणजे ९११ कॅरेरात, तापमान पाणी आणि संगणक मिळून सांभाळतात, म्हणून तिथे तुम्हाला हे जाणवलं नाही.

"३८५ अश्वशक्तीच्या शेजारी १३० ची गाडी कशाला?" असंही विचारलंत. हा फरक अंगाने कळावा, यासाठीच तर दोन्ही ठेवल्यात! जुनी १,०८० किलोची, नवी १,५०० च्या वर. जुनीच्या ब्रेकला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस नाही. ते लागतात, फक्त पायाने जोर द्यावा लागतो. आणि वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम काढला की तिची मागची बाजू बाहेर निघणारच. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, त्यात व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आखूड. पोर्शने स्वतः १९६९ च्या मॉडेलपासून तो ५७ मिमीने वाढवला. आमचे इन्स्ट्रक्टर "पाय काढू नका" असं मोठ्याने म्हणाले ते तुमच्या काळजीने, अपमान करायला नाही. नव्या गाडीत तुम्ही तेच केलं होतं, तिथे स्टॅबिलिटी कंट्रोलने सावरून घेतलं.

"डबडं" हा शब्द मात्र फार लागला. ही गाडी झाकून ठेवणं आम्हाला सोपं होतं, जपणूकही स्वस्तात झाली असती. लोकांना चालवायला मिळावी म्हणून ती रोज बाहेर काढतो.

वॉर्म-अपचं आता बुकिंगच्या मेसेजमध्येच ठळक लिहू, बाकीही काही सुधारणा चालू आहेत. पुन्हा आलात तर आनंदच आहे, फक्त सूचना देताना फोन बाजूला ठेवावा ही विनंती.