‘स्टॉक स्टेटमेंट’ आणि ‘स्टॉक’: एका प्रतिक्रियेला उत्तर

लहान कंपनीचा शेअर घेताना नफ्याच्या आधी तिचं खेळतं भांडवल (साठा आणि येणी यांतून देणी वजा जाता रोजच्या धंद्यात अडकलेला पैसा) बघा, असा लेख मी गेल्या आठवड्यात लिहिला. त्यावर एका वाचकांची मोठी प्रतिक्रिया आली आहे. ते सीए आहेत, असं त्यांनी दोनदा लिहिलंय. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं: ताळेबंद म्हणजे 31 मार्च या एका दिवसाचं चित्र, ते सजवता येतं. वाढत्या कंपनीची उधारी वाढणारच. हिंदुस्थान युनिलिव्हरचं खेळतं भांडवल उणे असतं, डी-मार्टची उधारी नगण्य असते, मग या कसोटीला अर्थ काय? शिवाय उधारीचे दिवस, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे यायला सरासरी किती दिवस लागतात ते, काढताना मी जीएसटीचा घोळ केलाय. आणि शेवटचं वाक्य, जसंच्या तसं: ‘काकू, स्टॉक स्टेटमेंट तपासणं वेगळं आणि स्टॉक निवडणं वेगळं.’ (स्टॉक स्टेटमेंट म्हणजे कर्जदार कारखानदारानं बँकेला द्यायचं साठ्याचं आणि येण्यांचं पत्रक. बँकेत असताना ती मी तपासायची.)

जीएसटीचं आधी मिटवते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. ताळेबंदातल्या येण्यांत, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायच्या पैशांत, जीएसटी धरलेला असतो, विक्रीचा आकडा मात्र जीएसटी सोडून दाखवतात. मी समजावण्यासाठी रचलेल्या उदाहरणात पहिल्या वर्षी विक्री 80 कोटी आणि येणं 20 कोटी होतं, दुसऱ्या वर्षी विक्री 104 कोटी आणि येणं 39 कोटी. त्यावरून मी 91 दिवसांचे 137 दिवस झाले असं लिहिलं. सगळा माल देशात, 18 टक्क्यांनी विकला असं धरून कर काढला तर ते 77 आणि 116 होतात. चूक मान्य. पण 77 चे 116 होणं म्हणजेही उधारी दीडपट लांबणं. माझा निष्कर्ष जिथे होता तिथेच आहे.

आता ‘काकू’. वयानं मी अनेकांची काकू आहे, गल्लीतली पोरं तशीच हाक मारतात, त्याचा राग नाही. पण आकड्यांच्या चर्चेत, वाक्याच्या तोंडाशी, समोरच्याला गप्प बसवायला वापरलेलं ‘काकू’ मला ओळखू येतं. बँकेत ते मी ‘मॅडम, तुम्हाला फॅक्टरीतलं नाही कळायचं’ या रूपात खूप वर्षं ऐकलंय. याच विषयावर लिहिणाऱ्या एखाद्या पुरुषाला तुम्ही ‘काका’ म्हणून सुरुवात केली असतीत का? प्रामाणिकपणे सांगा. मुद्दा कडक असू द्या, मी तो घेईन. हा सूर घेणार नाही.

आणि त्या वाक्यातला मुद्दाही चुकीचा आहे. कसा, ते जरा सविस्तर सांगते.

कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेत मी 27 वर्षं काढली, त्यातली 11 कर्ज विभागात. कॅश क्रेडिट (साठा आणि येणी यांच्या तारणावर लागेल तसं उचलायचं कर्ज) घेतलेला प्रत्येक कारखानदार महिन्याच्या 10 तारखेपर्यंत स्टॉक स्टेटमेंट द्यायचा: कच्चा माल इतका, अर्धवट माल इतका, तयार माल इतका, येणी इतकी. त्यातून आम्ही ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्याला किती रक्कम उचलता येईल ते, काढायचो. साठ्यावर 25 टक्के मार्जिन, म्हणजे साठ्याच्या किमतीतला तेवढा भाग सोडून द्यायचा. 90 दिवसांपुढची येणी हिशेबातच धरायची नाहीत, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो. आणि वर्षातून दोनदा तरी प्रत्यक्ष जाऊन माल बघायचा.

2009 च्या मे महिन्यात मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, गेले. स्टेटमेंटमध्ये 140 टन तयार कास्टिंग (ओतून केलेले भाग). गोदामात पुढच्या दोन रांगा स्वच्छ, प्रायमर मारलेल्या. मॅनेजर तिथेच उभं राहून चहा मागवत होते. मी मागे गेले. तिसऱ्या रांगेतल्या कास्टिंगवर तेलकट फडकं फिरवल्यासारखे काळे डाग होते. एका डागावर नख घासलं, तर खाली लाल ऑइल पेंटची फुली. फाउंड्रीत लाल फुली म्हणजे रिजेक्शन, ब्लो होल (आत हवेची पोकळी) निघालेला, पुन्हा भट्टीत टाकायचा माल. शेजारच्या कास्टिंगवर तेच, त्याच्या शेजारी तेच. संध्याकाळपर्यंत मोजलं तेव्हा 140 पैकी साधारण 45 टन माल भंगाराच्या भावाचा होता, आणि भाव लावला होता तयार मालाचा.

यात शेअरचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. तर संबंध असा: वर्षअखेरचा साठा जितका फुगवाल तितका विकलेल्या मालाचा खर्च कमी दिसतो आणि नफा तितकाच फुगतो. त्या फाउंड्रीच्या नफा-तोटा पत्रकात त्या वर्षी नफा होता. त्यावर ऑडिटरची सही होती. ती फाउंड्री लिस्टेड असती, तर लोकांनी तो नफा धरून पीई (शेअरचा भाव नफ्याच्या किती पट आहे ते) काढला असता आणि ‘स्वस्त आहे’ म्हणून शेअर घेतला असता. पुढच्या दीड वर्षात आमचं खातं थकीत झालं. तुम्ही आजवर किती गोदामं आतून पाहिलीत? प्रश्न उद्धट वाटेल, तरी विचारते.

तुमच्या व्यवसायातली एक गोष्ट मात्र तुम्हाला माझ्याहून आधी आठवायला हवी होती. कारो 2020 (ऑडिटरनं अहवालात काय सांगायचं याचा सरकारी आदेश) आणि 2021 मध्ये सुधारलेलं कंपनी कायद्याचं शेड्यूल तीन (ताळेबंद कसा मांडायचा ते सांगणारं). चालू मालमत्तेच्या तारणावर बँकांकडून एकूण 5 कोटींवर मर्यादा मंजूर असेल, तर कंपनीनं बँकेला दिलेली तिमाही विवरणं तिच्या हिशेबवह्यांशी जुळतात की नाही, हे ऑडिटरला सांगावं लागतं. 2021-22 पासूनच्या वार्षिक अहवालांत हे वाचायला मिळतं. अनेक अहवालांत चक्क तक्ता असतो: अमुक तिमाही, बँकेला दाखवलेला आकडा, वह्यांतला आकडा, फरक, फरकाचं कारण. म्हणजे माझ्या टेबलावर यायचं तेच स्टेटमेंट आज भागधारकाच्या हातात येतं, आणि कायद्यानंच आणून दिलंय. स्टॉक स्टेटमेंट तपासणं वेगळं, असं तुम्ही खुशाल म्हणा. कायदा बनवणाऱ्यांना ते तितकंसं वेगळं वाटलं नाही.

31 मार्चच्या सजावटीचं उत्तरही त्यातच आहे. मार्चचा ताळेबंद सजवता येतो. जून, सप्टेंबर, डिसेंबर, तिन्ही विवरणं सजवून पुन्हा वह्यांशी जुळवणं फार अवघड. त्याच सुधारणेतून येण्यांच्या वयाचा तक्ताही आला: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन, तीन वर्षांपुढची, आणि त्यातली वादात किती. हा तक्ता मी सलग दोन वर्षांचा शेजारी ठेवून वाचते. गेल्या वर्षी सहा महिन्यांच्या आत असलेली रक्कम यंदा ‘एक ते दोन वर्षं’च्या रकान्यात सरकली असेल, तर तो माल त्या वेळी विक्री म्हणून धरलेला होता, नफ्यातही धरलेला होता, आणि पैसा अजून आलेला नाही.

हे मी पुस्तकातून उचललेलं नाही. निवृत्तीनंतर मी स्वतः शेअर बाजाराच्या एसएमई मंचावरच्या (लहान-मध्यम कंपन्यांसाठीच्या विभागातल्या) एका कंपनीत 3 लाख 40 हजार घातले होते. नफा वर्षाला 30 टक्क्यांनी वाढत होता, आणि बँकेत जी सवय अंगात मुरली होती ती घरी बसल्यावर मी वापरली नाही. कंपनीनं तिसऱ्या वर्षी जुनी येणी राइट ऑफ केली, म्हणजे बुडीत म्हणून वह्यांतून काढून टाकली. माझे 52 हजार परत आले. आईच्या औषधपाण्यासाठी बाजूला काढलेले पैसे होते ते. तेव्हापासून मी या विषयावर लिहिते, आणि म्हणूनच तुमचं वाक्य लागलं.

हिंदुस्थान युनिलिव्हरबद्दल फार लिहीत नाही. तिचं उणे खेळतं भांडवल, म्हणजे पुरवठादारांच्या पैशावर धंदा चालवता येणं, हे तिच्या ताकदीचं लक्षण, कबूल. माझा लेख लहान कंपन्यांवर होता, शीर्षकातच तसं म्हटलंय. मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणारा भोसरीतला उद्योजक गिऱ्हाइकाला पैशांसाठी दम देऊ शकत नाही. त्यासाठीच तर लहान उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यात त्यांचे पैसे चुकते करायला 45 दिवसांची मर्यादा घालावी लागली, आणि तीही पुरली नाही म्हणून प्राप्तिकर कायद्यात 43 बी च्या एच पोटकलमाची भर पडली: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च करासाठी वजा मिळत नाही. डी-मार्ट तर पुरवठादारांना लवकर पैसे देऊन खरेदीचा भाव पाडून घेण्यासाठी ओळखली जाते, म्हणजे ते उदाहरण खेळत्या भांडवलाचं महत्त्वच सांगतं.

वाढत्या कंपनीची उधारी वाढते, हे मलाही ठाऊक आहे. विक्री 30 टक्के वाढली आणि येणं 95 टक्के वाढलं, तर त्याला मी वाढ म्हणत नाही. दुसऱ्या सहामाहीत विक्री जास्त होते वगैरे तुम्ही लिहिलंय, पण माल दरवर्षी मार्चमध्येच उधारीवर का उचलला जातो, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हा मुद्दा मी इथे वाढवत नाही.

लेखातले दिवसांचे आकडे आज दुपारी दुरुस्त केलेत, खाली तशी नोंद ठेवलीय. बाकी लेख आहे तसा राहील. तुमच्याकडे उधारी वाढत असूनही तिप्पट झालेला एक शेअर आहे, असं तुम्ही म्हणता. त्याच्या ताज्या वार्षिक अहवालातला येण्यांच्या वयाचा तक्ता आणि बँकेच्या तिमाही विवरणांची टीप, दोन्ही इथे खाली द्या. मी ती ओळ न् ओळ वाचून काय दिसतं ते लिहीन, तुमच्या बाजूचं दिसलं तरी.