‘कंपनीचा ईसीयू काढा, महागातला टाका’ या मेसेजमधला एकेक मुद्दा

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला आठ-दहा जणांनी पाठवला आणि प्रत्येकाने खाली लिहिलं होतं, भाऊ हे खरं का? थोडक्यात असा आहे: टर्बोवाली एक्झॉटिक स्पोर्ट्स कार असेल तर कंपनीचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) म्हणजे पायातली बेडी, जुना प्रोसेसर, स्लो, तो काढा. बाजारातला सगळ्यात महाग स्टँडअलोन (मूळचा काढून त्याच्या जागी बसणारा ईसीयू) बसवा, पॉवर आपोआप वाढते. बेस मॅप (पेट्रोल आणि ठिणगीच्या आकड्यांचा सुरुवातीचा तक्ता) सोबत येतो, बाकीचं परदेशातला ट्यूनर लॅपटॉपवरून घरबसल्या करून देतो. नॉकिंगला (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप पेटून ठोके बसणं) घाबरू नका, पेट्रोल जरा जास्त सोडा. बजेट नसेल तर पिगीबॅक टाका, काम तेच होतं. आणि जुना ईसीयू विकून टाका, तेवढेच पैसे सुटतात.

मी नाशिकच्या अंबडला वायरिंग आणि इंजिन डायग्नोसिसचं काम करतो, गेली बरीच वर्षं. असल्या गाड्या नाशकात कमी, पण ज्या आहेत त्यातल्या काही माझ्याकडे येतात, आणि या मेसेजवर विश्वास ठेवून केलेलं काम निस्तरायला आलेली गाडी मी स्वतः उघडलीये म्हणून हे लिहितोय.

आधी ‘जुना प्रोसेसर, स्लो’ हे बघू. ६००० आरपीएमला क्रँकची एक चक्कर १० मिलिसेकंदात होते, म्हणजे एक डिग्री साधारण २८ मायक्रोसेकंदात. आपल्याला हे फार फास्ट वाटतं पण वीस वर्षांपूर्वीचा बॉशचा मोट्रॉनिक ईसीयूसुद्धा हे आरामात सांभाळतो, ६० मधून २ दात कमी असलेल्या चक्रावरून क्रँक कुठे आहे ते वाचतो आणि ठिणगी बरोबर जागी टाकतो. त्याला आणखी फास्ट केलं म्हणून ठिणगी आणखी चांगली पडत नाही. २००६ ला आलेली ९९७ पिढीची पोर्श ९११ टर्बो घ्या, ३.६ लिटर, दोन टर्बो, ४८० पीएस, तिच्यात एमई७ घराण्यातलाच मोट्रॉनिक आहे. त्या गाडीच्या टर्बोत व्हेरिएबल पाती आहेत, इलेक्ट्रिक मोटर ती फिरवते, पेट्रोल गाडीत हे तेव्हा नवीन होतं. ही पाती, व्हाल्व्हची उंची बदलणारी सिस्टिम, कॅमचा अँगल, थ्रॉटल, सगळं तो ‘स्लो’ ईसीयू एकाच वेळी चालवतो. मग बेडी कसली?

आता महत्त्वाचं, ‘महाग म्हणजे जास्त पॉवर’. पॉवर हवा, पेट्रोल आणि ठिणगीच्या वेळेतून येते. ईसीयू फक्त ठरवतो, स्वतः काही जाळत नाही. माझे मामा सातपूरला मायकोत (आताची बॉश) होते, नोझलवर, ते म्हणायचे पंप कितीही भारी असू दे, नोझल कसं उघडतं ते माहीत नसेल तर सगळं वाया. ते डिझेलचं बोलायचे पण पेट्रोल इंजेक्टरलाही ते तसंच लागू आहे. करंट मिळाल्यावर इंजेक्टर लगेच उघडत नाही, त्याला एक मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो आणि बॅटरीचा व्होल्टेज उतरला की तो वेळ वाढतो. हा डेड टाइम ईसीयूत चुकीचा भरला की आयडलला गाडी डुलते, एसी लावला की आणखी डुलते, मग भले बॉक्स पाच लाखाचा असो. कंपनीच्या ईसीयूत त्याच गाडीच्या त्याच इंजेक्टरचा तक्ता भरलेला असतो. स्टँडअलोनमध्ये तो आपण भरायचा असतो, आणि तिथेच घाई होते.

बेस मॅपचा मुद्दा मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण तो ऐकायला एकदम सोपा आहे. बेस मॅप इंजिन चालू करून द्यायला असतो, गाडी पळवायला नाही. युरोपात बनलेला मॅप असेल तर तो तिथल्या ९८ ऑक्टेनवर बनलेला असणार. आपल्या पंपावर आता साधं पेट्रोल म्हणजे ई२०, २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेला जवळपास ९ टक्के जास्त इंधन हवं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर आरामात चालवताना फरक भरून काढतो, पण फुल बूस्टला, म्हणजे टर्बो पूर्ण दाब देत असताना, मॅप स्वतःच्या जिवावर असेल तर तुम्ही लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आणि टर्बोत फुल बूस्टला लीन म्हणजे पिस्टन गेला.

त्यात आपलं नाशिक ६०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. हवेचा दाब इथे साधारण ०.९४ बार, मुंबईला १.०१. मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) एकूण दाब २ बार हवा असेल तर मुंबईत टर्बोला हवा दुप्पट दाबावी लागते, इथे २.१३ पट, म्हणजे टर्बो जास्त फिरतो आणि हवा जास्त तापते. कंपनीचा ईसीयू बाहेरचा दाब सतत वाचतो आणि स्वतः जुळवून घेतो. काही स्वस्त बॉक्स चावी फिरवताना एकदाच दाब वाचतात. नाशकात गाडी चालू करा, कसारा घाट उतरा, न थांबता ठाण्याला जा, त्या बॉक्सच्या हिशोबाने तुम्ही अजून गंगापूर रोडवरच आहात. म्हणून घेताना विचारायचं, बॅरोमेट्रिक सेन्सर वेगळा आहे का? हा प्रश्न प्रोसेसरच्या स्पीडपेक्षा शंभर पटीने महत्त्वाचा.

आणि घरबसल्या ट्यून करणाऱ्याने थंडीत निफाडला पारा पाच-सहावर गेलेला बघितलेला नसतो, ना एप्रिल-मेमध्ये घाटात ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना इंटेक हवा किती तापते ते. कोल्ड स्टार्ट, हॉट रीस्टार्ट, तापलेल्या हवेला ठिणगीचं टायमिंग किती मागे घ्यायचं, हे तक्ते भरायला गाडी आणि ट्यूनर वेगवेगळ्या मोसमात एका जागी यावे लागतात. डायनोवर (गाडी जागेवर पळवून पॉवर मोजायच्या मशीनवर) एक रात्र पुरत नाही.

‘नॉकिंगला पेट्रोल जास्त सोडा’ म्हणे. थोडं रिच केल्याने, म्हणजे पेट्रोल वाढवल्याने, ज्वलन थंड होतं हे खरं, पण एका मर्यादेपर्यंतच. त्याच्या पुढे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो, आणि नॉक तरीही होऊ शकतो. नॉक ऐकावा लागतो. ९९७ टर्बोचा बोअर १०० मिमी आहे, त्या मापाच्या सिलिंडरमध्ये नॉकचा आवाज साधारण पावणेसहा किलोहर्ट्झला येतो. सेन्सर तो आवाज पकडतो, पण व्हाल्व्ह, चेन, इंजेक्टर यांच्या आवाजातून तो वेगळा काढायला प्रत्येक सिलिंडरसाठी, प्रत्येक आरपीएमला नेहमीचा गोंगाट किती ते आधी शिकवावं लागतं. कंपनीने हे काम टेस्ट बेडवर अनेक इंजिनं खर्ची घालून केलेलं असतं. मेसेजमध्ये ते एका ओळीत उडवलंय.

पिगीबॅकला जास्त वेळ देत नाही. तो सेन्सरच्या मधे बसून ईसीयूला खोटं सांगतो, दाब कमी आहे असं भासवतो. थोडे दिवस गाडी जोरात वाटते, मग ईसीयूचा फ्युएल ट्रिम (पेट्रोल आपोआप कमी-जास्त करणारी दुरुस्ती) शिकतो आणि बरंचसं परत जागेवर आणतो, आणि तेवढ्या काळात इंजिनाच्या संरक्षणाचे सगळे हिशोब खोट्या आकड्यावर चाललेले असतात.

आता ती गाडी सांगतो. ९११ टर्बोच, टिपट्रॉनिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. मालकांनी दुसऱ्या शहरातल्या एका गॅरेजमधून चांगला नावाजलेला स्टँडअलोन बसवून घेतला होता, बॉक्समध्ये काही खोट नव्हती हे मी आधीच सांगतो. हायवेला पांडवलेणीच्या पायथ्याशी मी शेजारी बसलो, ते चालवत होते, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली आणि इतका जोरात झटका बसला की माझं कोपर दारावर आदळलं. डॅशवर स्टॅबिलिटी कंट्रोलचा दिवा. इंजिनच्या कप्प्यातला पंखा बंद.

कारण असं. मूळ ईसीयू टॉर्कच्या भाषेत बोलतो. गिअर बदलताना गिअरबॉक्स कॅन लाइनवरून, म्हणजे गाडीतले सगळे कॉम्प्युटर ज्या वायरवर एकमेकांशी बोलतात तिच्यावरून, सांगतो, क्षणभर टॉर्क कमी कर, ईसीयू ठिणगी मागे घेतो, गिअर मऊ पडतो. नवीन बॉक्सला तो मेसेज कळत होता पण कोणी त्याचं उत्तर भरलेलंच नव्हतं. गिअरबॉक्स विचारत राहिला आणि पूर्ण टॉर्कवर क्लच घासत राहिले. फोर व्हील ड्राइव्ह, स्टॅबिलिटी, मीटर, पंखा, सगळे त्याच लाइनवर कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत बसलेले.

मागचं झाकण काढून लूम, म्हणजे वायरिंगचा जुडगा, बघितला तर पिळून काळी टेप गुंडाळलेले जोड, आणि प्रेशर सेन्सरची ग्राउंड वायर इग्निशन कॉइलच्या ग्राउंडसोबत एकाच बोल्टला. ऑसिलोस्कोप लावला तर प्रत्येक ठिणगीला प्रेशरच्या रेषेवर काटा उभा राहत होता. ईसीयूला वाटायचं बूस्ट उडतोय, तो पेट्रोल वर-खाली करायचा. ती एक वायर वेगळी करून ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला नेली आणि रेष सरळ झाली. एवढ्या महागाच्या बॉक्सची सगळी अक्कल त्या एका बोल्टला अडकली होती.

मी स्टँडअलोनच्या विरोधात नाहीये, हे नीट वाचा. १९७५ ची पहिली ९११ टर्बो, ९३०, तिच्यात के-जेट्रॉनिक होतं, मेकॅनिकल फ्युएल इंजेक्शन, तिथे स्टँडअलोनने खरोखर गाडी सुधारते. कार्ब्युरेटरवाली जुनी लोटस एस्प्रिट टर्बो, तीही. फक्त ट्रॅकवर पळणारी गाडी, मोठे टर्बो टाकलेलं इंजिन जिथे मूळ प्रेशर सेन्सरची मोजण्याची हद्दच संपते, तिथेही पर्याय नाही. मोटेक, लिंक, हॉलटेक, सायव्हेक्स, सगळे चांगलेच बनवतात. पण गाडी जवळपास स्टॉक असेल, रस्त्यावर चालणार असेल, तर मूळ ईसीयूच रीमॅप करा, म्हणजे त्यातलेच तक्ते बदला, तोही आपल्या पेट्रोलवर आणि गाडी समोर ठेवून. आणि स्टँडअलोन घ्यायचाच असेल तर आधी माणूस शोधा, तो कोणता बॉक्स रोज उघडतो ते विचारा आणि तोच घ्या. मग बघा: सिलिंडरप्रमाणे नॉक कंट्रोल आहे का, कॅमसाठी आउटपुट पुरतात का, तुमच्या गाडीचा कॅन येतो का. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलला पेडलचे दोन्ही सिग्नल तपासून, जुळले नाहीत तर थ्रॉटल बंद करणारी सोय आहे का? ही नसेल तर बाकी काही बघूच नका, तिथे प्रश्न पॉवरचा नसून ब्रेक दाबल्यावर गाडी थांबण्याचा आहे. ऑइल प्रेशर पडला की इंजिन आपोआप बंद करणारा फेलसेफही हवा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या स्पेसिफिकेशनपासून हटणारे बदल रस्त्यावरच्या गाडीत चालत नाहीत, एमएच १५ ची पाटी असो की कुठलीही.

राहिला शेवटचा मुद्दा, जुना ईसीयू विकायचा. त्या मालकांनी विकला होता. तो चावीशी आणि इमोबिलायझरशी जोडलेला असतो, दुसऱ्या गाडीतला आणून लावला तर गाडी स्टार्ट होत नाही, कोड जुळवून घ्यावे लागतात. त्यांचा जुना ईसीयू ज्याने घेतला तो सुदैवाने सापडला, विकलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त देऊन परत आणला. लूम पूर्ववत करायला मला अकरा दिवस लागले. बसवला, चावी फिरवली, डॅशवरचा दिवा विझला, पंखा लागला, आणि पांडवलेणीजवळ दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली ते मीटरकडे बघितलं तेव्हा कळलं.