कानाखालची गाठ, चुना आणि सुईची भीती

आत्याच्या कानाखाली, लाळेच्या ग्रंथीत, सुपारीएवढी गाठ आहे. दोन वर्षं झाली, दुखत नाही म्हणून कुणाला बोलली नाही. शेवटी डॉक्टरांनी सुईची तपासणी लिहून दिली आणि त्याच संध्याकाळी भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला: 'लाळेच्या गाठीला सुई लावू नका, कॅन्सर अंगभर पसरतो. २१ दिवस चुना-हळदीचा लेप लावा, लिंबू चोखा, गाठ विरघळते. ऑपरेशनने तोंड वाकडं होतं.' झालं. तपासणी रद्द, लेप सुरू.

आधी सुईचं बघू. साध्या इंजेक्शनच्या सुईएवढी सुई, तिनं चार पेशी ओढायच्या आणि काचपट्टीवर पसरायच्या. सुईच्या वाटेनं पेशी सांडल्याची उदाहरणं आहेत, पण अगदी विरळा. २०१८ साली या तपासणीचे रिपोर्ट जगभर एकाच पद्धतीनं लिहिले जावेत म्हणून 'मिलान सिस्टिम' आली. साधी गाठ, शंकास्पद, कॅन्सर वगैरे सहा वर्ग त्यात आहेत. सुईनं कॅन्सर अंगभर पसरत असता तर पॅथॉलॉजिस्ट हे वर्ग पाडत कशाला बसले असते? अफवेचं मूळ बहुधा दुसरीकडे आहे. कानाखालची गाठ चिरून तुकडा काढणं सर्जन शक्यतो टाळतात, कारण प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा ही तिथली सगळ्यात जास्त आढळणारी साधी गाठ फुटली, तर पुन्हा दाणे-दाणे होऊन उगवते. चिरण्याचा नियम कुणीतरी सुईला चिकटवला.

आणि 'साधी' म्हणून सोडायचीही नाही. कानाखालच्या शंभरातल्या ऐंशी गाठी साध्या असतात हे खरं, पण हीच अ‍ॅडिनोमा वर्षानुवर्षं तशीच ठेवली तर तिच्यात कॅन्सर होण्याचा धोका वाढत जातो.

लिंबू? लाळेच्या नळीत खडा असेल, जेवताना गाल फुगत असेल, तर आंबट चोखायला डॉक्टरही सांगतात. एवढं मान्य. गाठ त्यानं विरघळत नाही.

तोंड वाकडं होण्याची भीती मात्र निव्वळ खोटी नाही, नाइलाजानं कबूल करतो. चेहऱ्याची नस त्याच लाळेच्या ग्रंथीतून जाते. ऑपरेशननंतर काहींना अशक्तपणा येतो, बहुतेकांचा काही महिन्यांत ओसरतो. पण कॅन्सर असेल तर तोही तीच नस खातो. म्हणून तर नस चालते का ते बघायला डॉक्टरांनी आत्याला डोळे घट्ट मिटायला, दात दाखवायला आणि शीळ घालायला लावली. सत्तरीच्या बाईला शीळ! लाजली, पण घातली.

चुन्याबद्दल काय बोलू? कानाखालची कातडी भाजून सोललीय, पदर लागला तरी कळवळते. सुई आता पुढच्या गुरुवारी, तोवर कातडी भरून आली तर.