लपलेला कर मोजता येतो का? तारकर्लीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. मालवण ते देवबाग या पट्ट्यातील घरगुती निवासव्यवसायातून किती कर जमा व्हायला हवा आणि प्रत्यक्षात किती होतो, या तफावतीचा अंदाज कसा बांधावा याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, जे लपवलेले आहे ते मोजता येत नाही, त्यामुळे असा प्रत्येक आकडा हवेतलाच असतो, आणि तो शेवटी चार खोल्या चालवणाऱ्या माणसाच्या दारात नोटीस होऊन येतो. नोटिशीविषयीची आपली काळजी रास्त आहे. आकडा हवेतला असतो हे मात्र मला मान्य नाही.

आधी देय कर कशाला म्हणायचे ते पाहू, कारण बहुतेक अंदाज तिथेच फसतात. उदाहरणादाखल धरू की तारकर्लीत एका कुटुंबाच्या चार खोल्या आहेत, त्या वर्षातून १२० रात्री भरतात आणि भाडे २,५०० रुपये आहे. वर्षाची उलाढाल १२ लाख रुपये झाली. सेवा देणाऱ्याला वस्तू व सेवा कराची नोंदणी २० लाखांच्या वर गेल्यावर करावी लागते; तेव्हा या कुटुंबाने पाहुण्यांकडून तो कर घेतला नाही, यात बुडवणे काहीच नाही. आयकराच्या अनुमानित उत्पन्नाच्या योजनेनुसार रोख उलाढालीवर ८ टक्के नफा धरला तर उत्पन्न ९६ हजार होते आणि घरात दुसरी मिळकत नसेल तर त्यावरही कर लागत नाही. आता कोणी पर्यटकांची संख्या, मुक्कामाच्या रात्री आणि सरासरी भाडे यांचा गुणाकार करून त्यावर ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला सध्या लागू असलेला ५ टक्के दर सरसकट लावला, तर याच कुटुंबाच्या नावावर ६० हजारांची करचुकवेगिरी निघेल. कायद्याने जाणूनबुजून सोडलेला कर आणि कायदा मोडून न भरलेला कर यांची अशी सरमिसळ होऊ नये म्हणूनच मी त्या लेखात दोन्ही रकाने वेगळे ठेवले होते.

नोंदणीच्या याच २० लाखांच्या मर्यादेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकाच आवारातील दहा खोल्या कागदोपत्री भाऊ, भावजय आणि मुलगा यांच्यात वाटलेल्या असतात, पण आरक्षणाचा फोन एक, स्वयंपाकघर एक आणि पैसे जमा होण्याचे खाते एक. अशा ठिकाणी उलाढाल खरोखर तिघांची की एकाची, हा प्रश्न निघतो, आणि उत्तर 'एकाची' असे आले तर तिथे खरी तफावत असते. उलट, जी खोली मोठ्या संकेतस्थळावरून आरक्षित होते तिच्यावरील कर, मालक नोंदणीच्या मर्यादेखाली असला तर, ते संकेतस्थळच भरते. म्हणजे एकाच घरातील शेजारशेजारच्या दोन खोल्यांपैकी एकीचा हिशेब सरकारला आयता दिसतो, आणि दरवर्षी येणाऱ्या कोल्हापूरच्या ओळखीच्या पाहुण्याने रोख देऊन घेतलेली दुसरी खोली कुठेच दिसत नाही.

लपलेले मोजण्याची वाट याच फरकातून निघते. डेन्मार्कमध्ये सुमारे ४० हजार करदाते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून त्यांपैकी निम्म्यांची कसून तपासणी करण्यात आली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या उत्पन्नाची माहिती नोकरी देणारा किंवा बँक परस्पर कळवते त्यात चुकवेगिरी जवळजवळ शून्य होती आणि जे माणूस स्वतःच सांगतो त्यात ती मोठी होती. अमेरिकेचे महसूल खातेही असेच सांगते: कर आधीच कापून हातात येणाऱ्या पगारात सुमारे १ टक्का रक्कम दडते, आणि ज्याची बाहेरून खबर मिळत नाही अशा उत्पन्नात ५५ टक्के. त्या खात्याने २०२२ या करवर्षाची एकूण तफावत ६९६ अब्ज डॉलर धरली आणि उशिरा येणारी वसुली वजा करून ती ६०६ अब्ज ठेवली. तपासनीसाच्या नजरेतूनही काही सुटतेच, म्हणून सापडलेल्या रकमेला एका गुणकाने वाढवले जाते. या गुणकावर अभ्यासकांत वाद आहेत आणि ते असायलाच हवेत. पण ज्याची रीत उघड आहे आणि ज्यावर वाद घालता येतो, त्या आकड्याला हवेतला म्हणणे मला पटत नाही.

इतक्या लांब जायचे नसेल तर आपल्या ग्रामपंचायतीतील नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, उघडून पाहा. एखाद्या घरापुढे बांधकामाचा प्रकार लिहिलेला असतो: दगड-मातीचे, कौलारू. प्रत्यक्षात माडांच्या मागे आज त्याच घराला जोडून स्लॅबच्या तीन खोल्या उभ्या असतात, प्रत्येकीला स्वतंत्र न्हाणीघर आणि वातानुकूलन यंत्र. नमुना ९, म्हणजे कर मागणीची नोंदवही, यातील मागणी आणि जमा यांतील फरक म्हणजे थकबाकी. ती सगळ्यांना दिसते, मासिक सभेत वाचली जाते, आणि त्यातील बरीचशी मुंबईला राहणाऱ्या भाऊबंदांच्या सामाईक, कुलूपबंद घरांची असते, जिथे कोणी कर नाकारलेला नसतो, फक्त कोणी भरायचा हे ठरलेले नसते. त्या तीन खोल्या मात्र मागणीतच नाहीत. त्यामुळे शंभर टक्के वसुली झाल्याचा फलक लागलेल्या गावातही घरपट्टीची तफावत असू शकते. फेरआकारणी दर चार वर्षांनी करायची असते. ती प्रामाणिकपणे केली, तर ही तफावत मोजायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही, टेप लागते.

राहिला नोटिशीचा मुद्दा. तफावतीचा अंदाज हा संपूर्ण पट्ट्याचा असतो. त्यातून कोणत्याही एका घराचे नाव निघत नाही, आणि कोणी अधिकारी तो आकडा दाखवून एखाद्याच्या दारात उभा राहिला, तर तो त्या आकड्याचा गैरवापर आहे, असे मी जाहीरपणे म्हणेन. शिवाय सगळी तफावत वसूल होण्याजोगीही नसते. मोडलेला व्यवसाय आणि बुडालेले कर्ज असलेल्या माणसाकडून काय येणार? आपल्याकडे केंद्र सरकार असा अंदाज दरवर्षी प्रसिद्ध करत नाही, ब्रिटन करते. तो प्रसिद्ध न होण्याचा तोटा मला वाटते लहान माणसालाच अधिक होतो, कारण आकडा नसला की समज पसरतो, आणि किनाऱ्यावरचे सगळेच कर चुकवतात हा समज आपण आणि मी दोघांनीही ऐकला आहे.

माझ्या अंदाजाची खालची आणि वरची मर्यादा यांत मोठे अंतर आहे, हे आपण बरोबर हेरलेत. ते बहुतांशी एकाच गोष्टीमुळे आहे: जून ते सप्टेंबर या काळात किती रात्री भरतात. दिवाळी, नाताळ आणि मे यांविषयी सगळ्यांचे सांगणे जवळपास जुळते. पावसाळ्याविषयी मुळीच जुळत नाही. आपण स्वतः या व्यवसायात आहात. आपल्या वाडीतील घरांच्या पावसाळी मुक्कामांची नोंद, नावे वगळून, आपण कळवू शकलात तर मी दोन्ही मर्यादा नव्याने मांडेन, आणि त्या आपल्या म्हणण्याच्या बाजूने सरकल्या तर तसेच लिहीन.