रोज भरचौकात गोळीबार, म्हणे!

"जुन्या वेस्टर्न कॉमिक्समध्ये होता तोच अमेरिकेचा खरा इतिहास. रोज भरचौकात पिस्तुलांची झुंज, तांड्यांवर रेड इंडियनांचे हल्ले, सगळे काउबॉय गोरे. आता तो पुसायला निघालेत." हा फॉरवर्ड आता भाचीच्या शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरलाय. त्यामुळे गप्प बसणं शक्य नाही.

आधी ती रोजची झुंज. इतिहासकार रॉबर्ट डिक्स्ट्राने कॅन्ससमधल्या गुरांच्या बाजाराच्या पाच गावांत १८७० ते १८८५ या काळात झालेले खून मोजले. त्यात गोळीबारासाठी बदनाम डॉज सिटीही आली. भरले ४५. एका गावात एका हंगामाला सरासरी दीड! अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोन गावची ओ. के. कोरलची गाजलेली चकमक (२६ ऑक्टोबर १८८१) तर गावातल्या शस्त्रबंदीच्या नियमावरूनच पेटली आणि अर्ध्या मिनिटात आटोपली.

आणि ते पिस्तूल! १८७३ च्या कोल्ट पिस्तुलाला गोळ्यांची घरं सहा, पण जाणते लोक पाचच भरत. पिस्तुलाचा घोडा (काडतुसावर आपटणारा खटका) भरल्या घरावर टेकलेला असताना पिस्तूल पडलं, तर गोळी आपल्याच पायात. पाच संपल्या की बाजूची झडप उघडा, चक्री एकेक घर फिरवा, दांडीने रिकामं काडतूस ढकला, मग एकेक नवं घाला. कॉमिक्समधला नायक एका पानात दहा झाडतो. शिवाय काडतुसात चाळीस ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमहून जास्त काळी दारू. दोन-तीन गोळ्यांत समोर धूरच धूर. तळव्याने घोडा सपासप मारला तर नेम जातो आणि आतले खटके झिजतात. शत्रूच्या हातातलं पिस्तूल उडवण्याची करामत कागदावरच सोपी. १९५४ च्या कॉमिक्स कोडने, म्हणजे कॉमिक्स प्रकाशकांच्या नियमावलीने, अनावश्यक पिस्तुलबाजीला मनाई केल्यावर ती फार सोयीची ठरली.

बरं, समोरासमोरची झुंज कधी झालीच नाही असं नाही. २१ जुलै १८६५ ला मिसुरीतल्या स्प्रिंगफिल्डच्या चौकात 'वाइल्ड बिल' हिकॉक या नामांकित पिस्तुलबाजाने डेव्हिस टट नावाच्या जुगाऱ्याला जवळपास ७५ यार्डांवरून टिपलं. वाद घड्याळावरून होता. पण अशा घटना विरळा.

पश्चिमेकडे निघालेल्या बैलगाड्यांच्या तांड्यांवर हल्ले व्हायचे, पण त्यांच्या ओरेगॉनच्या वाटेवर त्याहून कितीतरी जास्त माणसं कॉलऱ्यासारख्या रोगांनी मेली. गाड्यांचं रिंगण बहुतेकदा रात्री गुरं आत कोंडायला.

सगळे काउबॉय गोरे? इतिहासकारांच्या अंदाजाने चारातला एक कृष्णवर्णीय होता, आणि मुळात हा धंदाच मेक्सिकन गुराख्यांकडून उचललेला. राहिलं पुसणं. पुसलं गेलं ते उलट कृष्णवर्णीय काउबॉयला. डेल कंपनीने १९६५ मध्ये 'लोबो' काढलं, कृष्णवर्णीय नायकाचं वेस्टर्न. दोन अंकांत बंद पडलं. विक्रेत्यांनी गठ्ठे न उघडताच परत पाठवले, असं चित्रकार टोनी टॅलॅरिकोने पुढे सांगितलं.