हॉटस्पॉट पुरतं, पण सगळ्यांना नाही

‘फोनला हॉटस्पॉट असताना डोंगलवर पैसे घालवू नका’ हे लॅपटॉपच्या नेटविषयीच्या लेखातलं वाक्य सरसकट पटलं नाही. (डोंगल म्हणजे सिम घालून लॅपटॉपला लावायचं छोटं नेट-यंत्र.) दोन सिमच्या बऱ्याच फोनमध्ये एका सिमवर बोलणं सुरू झालं की दुसऱ्या सिमचं नेट थांबतं. सिडकोतल्या घरून काम करताना कुरिअरवाल्याचा फोन आला तरी माझी मीटिंग गोठायची. डोंगल वेगळ्या कंपनीच्या सिमवर घेतलं, एक्स्टेन्शन केबलने खिडकीच्या गजाला टांगलं, तेव्हा कुठे सुटका झाली.

प्रवासात मात्र लेखकाचं खरं. पंचवटी एक्सप्रेसमध्ये कसारा घाटातल्या बोगद्यांत दोन्हींची रेंज जाते, तिथे वेगळं डोंगल कशाला? फक्त, हॉटस्पॉटऐवजी यूएसबी केबलने टेदरिंग करा, म्हणजे फोनचं नेट केबलमधून लॅपटॉपला द्या. फोन चार्जही होत राहतो, हे लेखात यायलाच हवं होतं.